‘साउथ पॅसिफिक’ (१९५८): गाणं सुरू झालं की पडदा पिवळा का होतो?

अवनी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. कॉलेजसाठी संगीतपटांवर एक पेपर लिहायचाय, त्यामुळे सध्या जुने हॉलिवूडपट बघायचा सपाटा लावलाय. परवा रात्री ‘साउथ पॅसिफिक’ लावला. आई, बाबा, आजी सगळेच बसलो होतो. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. पॅसिफिकमधलं एक बेट, तिथे अमेरिकी नौदलाचा तळ, आर्कान्सॉहून आलेली नेली नावाची नर्स आणि तिच्याहून बराच मोठा असलेला एमिल हा फ्रेंच मळेवाला.

सुरुवातीला डोळे निवले. खरा समुद्र, खरे डोंगर, माड. स्टुडिओतला रंगवलेला पडदा नाही. मग एमिल ‘सम एन्चान्टेड इव्हनिंग’ गायला लागला आणि बघता बघता सगळं पिवळं होत गेलं. चेहरे पिवळे, पानं पिवळी, फ्रेमच्या कडा धुरकट. गाणं संपलं, रंग मुकाट जागेवर! ‘बाली हाय’ला तर प्रकरण जांभळ्यावर गेलं. बाबा रिमोट घेऊन पिक्चर सेटिंगमध्ये शिरले. आजी म्हणाली, “याला कावीळ झालीय.”

तर ही कॉपी खराब आहे की मुद्दाम केलंय? मुद्दाम असेल तर इतक्या सुंदर जागी जाऊन कोणी असं का करेल? आणि जमलं तर हेही सांगा, की उघड्या समुद्रावर ही गाणी घेतली कशी? मागे लाटा आपटतायत आणि एमिलचा आवाज मात्र बंद दिवाणखान्यात बसून ऐकावा इतका स्वच्छ. ‘दहा रंजक गोष्टी’ छापाची पानं वाचून झाली, सगळे एकमेकांचंच उतरवतात. इथे कोणी कॅमेऱ्यामागे काम केलेलं असेल तर फार बरं होईल.


गंजका_प्रोजेक्टर

कॉपी खराब. इस्टमनकलर फिल्मचं हेच दुखणं. काही वर्षांत प्रिंटमधला निळा-हिरवा उडतो आणि गुलाबी-तांबडं तेवढं उरतं. आमच्या फिल्म सोसायटीत अशा गुलाबी प्रिंटा ढिगाने पाहिल्यात. चांगली कॉपी मिळव.


जुना_फोकसवाला

प्रोजेक्टरराव, प्रिंट उडते हे खरंय, पण उडालेली प्रिंट गाण्याची वाट बघत थांबत नाही, आणि गाणं संपलं म्हणून पुन्हा निळीही होत नाही. अवनी, तुझी कॉपी ठीक आहे. बाबांना सांग, टीव्हीही ठीक आहे. हा उद्योग लेन्ससमोर रंगीत काच लावून, पूर्ण शुद्धीत केलेला आहे.

माझी सगळी हयात फिल्मवर गेली. कॅमेरा असिस्टंट होतो, बहुतेक हिंदीत, अधूनमधून मराठीत. फोकस ओढायचा, मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचे फिल्मचे डबे, भरायचे आणि फिल्टरची पेटी जिवापाड सांभाळायची. त्यामुळे या सिनेमाबद्दल मला थोडी आपुलकी आहे आणि बरीचशी चीड. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी माणूस बघ. दिग्दर्शक जोशुआ लोगन हा मुळात रंगभूमीचा. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांचं हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९४९ साली मॅजेस्टिक थिएटरात आलं, ते यानेच बसवलेलं, हॅमरस्टाइनबरोबर संहितेतही याचा हात. १,९२५ प्रयोग झाले, पुलित्झर मिळालं. नेपथ्य आणि प्रकाश जो मिल्झिनरचा. त्या प्रयोगात एक प्रवेश दुसऱ्यात विरघळत जायचा, मध्ये काळोख करून खुर्च्या हलवणं वगैरे नाही. हे ज्याने रात्रीमागून रात्री पाहिलंय त्याला सिनेमातही तसंच हवंसं वाटणार. गाणं आलं की भोवतालच्या रोजच्या जगाचा रंग उतरावा आणि पात्राच्या मनातला रंग चढावा, अशी त्याची कल्पना.

रंगभूमीवर हे बिनबोभाट चालतं. आपल्याकडे पद सुरू झालं की डिमर खाली यायचा, नटीवर गुलाबी झोत पडायचा, कोणी तक्रार केली का? तिथला समुद्र कापडावर रंगवलेला. त्याला जांभळं करा नाहीतर हिरवं करा, प्रेक्षकाने तो आधीच मान्य केलेला असतो. लोगन मात्र गेला हवाईतल्या कौआई बेटावर, कॅलिफोर्नियाहून चार हजार किलोमीटर लांब. साल १९५७. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्यसुद्धा नव्हतं, ते १९५९ मध्ये झालं. एवढं सामान आणि माणसं समुद्रापार नेली कशासाठी? खरं ऊन आणि खरं पाणी मिळावं म्हणून. आणि ते मिळाल्यावर त्याच्यापुढे पिवळी काच धरली! माझं सगळं भांडण एवढंच आहे. प्रेक्षकाला समुद्राचा रंग तुम्हीच दाखवलात. आता तो त्याच्या डोळ्यांत बसलाय. मग तुम्ही रंग बदललात की तो नेलीच्या मनात शिरत नाही, तुझ्या बाबांसारखा रिमोट शोधतो.

कॅमेरामन कोण म्हणशील, तर लिऑन शॅमरॉय. ऐरागैरा नव्हे. तोपर्यंत तीन ऑस्कर घरात, पुढे ‘क्लिओपात्रा’चं चौथं. आणि या पिवळ्या-जांभळ्या कामगिरीसाठीही त्याला नामांकन होतंच, घ्या! तो नवशिका असता तर म्हणालो असतो, झालं असेल. तसं नाही. रंग कसा हळूहळू चढतो ते नीट बघ. एकदम काच लावली तर झटका बसतो. काचेची एक कड साधी आणि दुसरी रंगीत ठेवून ती चालू शॉटमध्ये लेन्ससमोरून सरकवली तरच असा सावकाश चढ मिळतो. हात जरा थरथरला की टेक गेला. कारागिरी अव्वल आहे. ती कुठे वापरली याचं दुःख.

आता असिस्टंटच्या खुर्चीतून सांगतो, हे कुठल्या पानावर नसेल. सिनेमा टॉड-एओमध्ये घेतलाय. म्हणजे निगेटिव्ह ६५ मिलिमीटर रुंद, थिएटरची प्रिंट ७० मिलिमीटर, वरची पाच मिलिमीटर मॅग्नेटिक आवाजाच्या पट्ट्यांसाठी. सहा ट्रॅक. आपल्याकडे ‘७० एमएम’ म्हणून जे नाचवलं गेलं ते बहुतेक ३५ वर घेऊन मोठं केलेलं. हे तसं नाही, हे मुळातच मोठं. निगेटिव्ह जितकी मोठी तितकी फोकसची खोली कमी, नाक शार्प तर कान मऊ. त्यात त्या वेळची इस्टमनची निगेटिव्ह २५ एएसएची (हा फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा, कमी असला की उजेड जास्त लागतो), तीही स्टुडिओच्या दिव्यांसाठी बनवलेली. उन्हात वापरायची तर नारिंगी ८५ नंबरची काच लावावी लागते, की उरले १६. त्यावर ही लोगनसाहेबांची रंगीत काच, म्हणजे आणखी उजेड गेला. मग ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, उघडा. उघडलं की खोली आणखी कमी. आणि समोर नटी नाचत पुढे येतेय. त्या काळी आमच्या हुद्द्याची नावं पडद्यावर येत नसत. तो जो कोणी फोकसवाला असेल त्याला माझा साष्टांग दंडवत.

तुझा खरा प्रश्न, असं का केलं. लोगनला सांगण्यात आलं होतं की रंग जास्त वाटला तर नंतर लॅबमध्ये कमी करता येईल. इथे मी कपाळाला हात लावतो. रंगीत निगेटिव्हला तीन थर असतात, निळ्यासाठी, हिरव्यासाठी, तांबड्यासाठी. पिवळी काच निळा उजेड अडवते, म्हणजे निळ्याचा थर उपाशीच राहतो. लॅबमध्ये प्रिंट काढताना ग्रेडर तीन रंगांच्या उजेडाचे आकडे कमीजास्त करतो, पण ते आख्ख्या फ्रेमला लागू. पिवळा काढायला जाशील तर सावल्या निळ्या पडतील आणि चेहरा मढ्यासारखा दिसेल. जे निगेटिव्हपर्यंत पोचलंच नाही ते धुलाईत कुठून येणार? थोडाफार उतार पडला असता, पण त्यालाही वेळ लागतो, आणि वेळ नव्हता. सिनेमा ‘रोडशो’ पद्धतीने लागायचा होता. म्हणजे नाटकासारखी राखीव खुर्ची, आधी विकलेली तिकिटं, मध्यंतर, सुरुवातीला नुसतं वाद्यसंगीत. तारीख ठरलेली, तिकिटं गेलेली. १९ मार्च १९५८ ला न्यूयॉर्कला पडदा वर गेला तो तसाच. लोगनने पुढे आत्मचरित्रात याबद्दल भरपूर हळहळ व्यक्त केलीय.

आमच्या उस्तादांचा एक नियम होता: काच लावून एक, काच काढून एक. ऐंशीच्या दशकात तंबाखू रंगाच्या फिल्टरचं खूळ आलं होतं, वरचं आभाळ तपकिरी आणि खालचं जग साधं. कोकणात एका किनाऱ्यावर गाणं घेत होतो, दिग्दर्शकाला प्रत्येक शॉटला तंबाखू हवा. उस्ताद हो हो म्हणायचे, शॉट ओके झाला की मला डोळ्याने खूण करायचे, मी काच काढायचो आणि ते “सेफ्टीसाठी एक” म्हणून साधा टेक घ्यायचे. एडिटिंगला बसल्यावर त्याच दिग्दर्शकाने निम्मं गाणं साध्या टेकांतून लावलं आणि वर आम्हाला विचारलं, हा उजेड इतका छान कसा आला? उस्ताद म्हणाले, देवाने दिला. आता ६५ मिलिमीटरची निगेटिव्ह आमच्या रिळापेक्षा फार महाग, मान्य. पण बेटावर पोचायला जो खर्च झाला त्यापुढे एक साधा टेक म्हणजे काय?


स्वरसुधा

काका, मजा आली वाचून. आवाजाबद्दल मी लिहिते, कारण तो माझा प्रांत.

अवनी, तू जो ‘एमिलचा आवाज’ म्हणतेस तो पडद्यावरच्या माणसाचा नाहीच. अभिनेता रोसानो ब्राझी हा इटालियन नट, गाणारा आहे जॉर्जियो टोझी, मेट्रोपॉलिटन ऑपेराचा खर्जाचा गायक. लेफ्टनंट केबल झालेल्या जॉन करसाठी बिल ली गायलाय. हाच बिल ली पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये ख्रिस्तोफर प्लमरसाठी गायला. मिट्झी गेनर, म्हणजे नेली, स्वतः गायलीय. बिलिस झालेला रे वॉल्स्टनही स्वतःच.

आपल्याला यात विशेष वाटत नाही. नटाने गायचं नसतं हे आपल्याकडे गृहीतच आहे. पण ब्लडी मेरी या बेटावरच्या बाईच्या भूमिकेचं मला फार लागतं. ही भूमिका ब्रॉडवेवर हुआनिता हॉलने गाजवली होती. तिला त्यासाठी टोनी पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन कलावती. सिनेमात भूमिका तिलाच दिली, आणि गळा मात्र म्युरिएल स्मिथचा. म्युरिएलने हीच भूमिका लंडनच्या रंगमंचावर केली होती. हुआनिताचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, असं रॉजर्सचं मत. म्हणजे स्वतः वर्षानुवर्षं गायलेलं ‘बाली हाय’ तिने कॅमेऱ्यासमोर दुसरीच्या आवाजावर ओठ हलवून म्हटलं. उद्या बालगंधर्वांना उभं करून “तुम्ही फक्त ओठ हलवा” म्हटलं असतं तर गिरगावात दंगल झाली असती.

आणि तरीही बघ, ओठ कुठेही चुकत नाहीत. तिला प्रत्येक श्वास ठाऊक होता. श्वास तेच, गळा दुसरीचा. ‘बाली हाय’ परत ऐकशील तेव्हा रंगाकडे दुर्लक्ष करून तिचा गळा आणि खांदे बघ.


हनाले_ते_हडपसर

मी कॅलिफोर्नियात असते आणि कौआईला जाऊन आलेय, तेव्हा जागेबद्दल माझे दोन पैसे.

बहुतेक चित्रीकरण बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर झालंय, हनाले उपसागर आणि त्याच्या पश्चिमेला हाएनापर्यंतचा पट्टा. नेली ज्या किनाऱ्यावर केस धुता धुता गाते तो लुमाहाय. तिथे अजूनही त्याला ‘नर्सेस बीच’ म्हणतात. दिसायला अप्रतिम आणि पोहायला जीवघेणा, कारण समोर लाटा अडवणारी प्रवाळाची भिंत नाही आणि ओढ भयंकर. जीवरक्षकही नसतो. आम्ही वाळूत बसलो, पाण्यात घोट्यापलीकडे गेलो नाही. माझा नवरा मालवणचा, समुद्राला न घाबरणारा, तोसुद्धा म्हणाला, “हय नको.”

सिनेमात दूर धुक्यात दिसणारं ते गूढ ‘बाली हाय’ म्हणजे माकाना नावाचं टोकदार शिखर. ते वेगळं बेट वगैरे नाही, कौआईवरच आहे, हनालेच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पश्चिमेला दिसतं. लोक हॉटेलच्या गच्चीवर पेला हातात घेऊन त्याचे फोटो काढतात. ज्याच्या पुस्तकावरून हे नाटक झालं तो मूळ लेखक जेम्स मिचनर युद्धात नौदलाचा अधिकारी म्हणून एस्पिरितु सांतो बेटावर होता, तेव्हाचं न्यू हेब्रिडीज, आताचं वनुआतू. तिथून क्षितिजावर आंबे नावाचं बेट दिसतं, (हो, नाव खरंच तसंच ऐकू येतं,) कल्पना त्यावरून सुचलेली. नाव मात्र त्याने सॉलोमन बेटांतल्या एका खेड्याचं उचललं. एवढं सगळं झाल्यावर आज पर्यटक येतात ते हवाईला.

दुसरं म्हणजे पाऊस. बेटाच्या मध्यावर वाइआलेआले नावाचा डोंगर आहे, वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीनेही मान खाली घालावी इतका. उत्तर किनाऱ्यावर तर दर अर्ध्या तासाने आभाळ बदलतं. आत्ता लख्ख ऊन, लगेच भुरभुर, लगेच इंद्रधनुष्य. आम्हाला साधा सहकुटुंब फोटो जमेना. तिथे एका गाण्याचे सगळे तुकडे एकाच उजेडात घेणं म्हणजे काय, हे काकांनी सांगावं.

जाताजाता, हवाईत आलेला पाहुणा ज्या ‘बेटवासीयां’चे नाच सिनेमात पाहतो त्यात खऱ्या हवाईचं फार कमी आहे. गोष्ट दक्षिण पॅसिफिकची, चित्रीकरण उत्तर गोलार्धात, नाच हॉलिवूडचा.


अवनी_कर्वेनगर

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! स्वरसुधाताई, हुआनिता हॉलचं वाचून गलबलून आलं. पेपरचा विषयच बदलावा की काय असं वाटायला लागलंय.

फोकसवाले काका, एक शंका. केस धुण्याचं गाणं किंवा खलाशांचं ‘देअर इज नथिंग लाइक अ डेम’ बघताना मला काहीच खुपलं नाही. तेही उघड्यावर, तेही गाणं. मग रंग बदलल्याशिवायही गाण्यात शिरता येतंच ना? की ती विनोदी गाणी म्हणून चालून गेलं? आणि हनालेताई म्हणतात त्या पावसाचं सांगा. समुद्रावर प्लेबॅक ऐकू तरी कसा येतो?


जुना_फोकसवाला

शंका बरोबर जागी आलीय. त्या गाण्यांत शरीरं हलतात, पाणी हलतं, वाळू उडते. नेली खरोखर साबणाच्या फेसात डोकं घालते. (रंगमंचावर मेरी मार्टिन हे रोज प्रयोगात करायची, खरं पाणी, खरा शाम्पू.) तिथे जागाच गाण्याला हात देते, म्हणून काचेची गरज पडली नाही. ‘सम एन्चान्टेड इव्हनिंग’मध्ये दोन माणसं उभी राहून एकमेकांकडे बघतात, बस्स. दिग्दर्शकाला तिथे भीती वाटली असणार, की एवढ्या अवाढव्य पडद्यावर नुसती उभी माणसं कशी धरतील? मला विचारशील तर धरली असती. टोझीचा तो आवाज आणि ब्राझीचा चेहरा पुरेसा होता. पेपरमध्ये हे जरूर लिही, पण माझं मत म्हणून लिही.

प्लेबॅक. गाणी आधी हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झालेली, वाद्यवृंद आल्फ्रेड न्यूमनकडे. बेटावर तो आवाज भोंग्यातून लावायचा आणि नटांनी ओठ जुळवायचे. म्हणून तुला लाटा दिसतात पण गाण्याला त्यांचा धक्का लागत नाही. या सिनेमाला जे एकमेव ऑस्कर मिळालं ते ध्वनीचंच.

समुद्रावर भोंग्याचं कसं होतं ते माझ्या अनुभवातलं सांगतो. आमच्याकडे नाग्रा टेप रेकॉर्डर आणि दोन मोठे स्पीकर. वारा समुद्राकडून येत असेल तर आवाज मागे फिरतो, तुम्हाला ऐकू येतो आणि पाण्यात उभ्या हिरॉइनला नाही. मग स्पीकर ओल्या वाळूपर्यंत सरकवायचे, पुढच्या लाटेला धावत उचलायचे. शेवटी डान्स डायरेक्टरचा असिस्टंट कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हातवारे करत शब्द म्हणायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून ओठ हलवायची. जवळून बघितलंत तर हिरॉइनची नजर हिरोवर नसते, ती थोडी डावीकडे त्या बिचाऱ्या मास्तरवर असते. जुनी समुद्रावरची गाणी बघा आता, झोप उडेल.

उजेडाचं हनालेबाईंनी बरोबर पकडलं. ढग आला की थांबायचं, दुसरा उपाय नाही. असिस्टंटने डोळ्यावर काळी काच धरून ढगाची कड बघत बसायचं आणि ओरडायचं, “दोन मिनिटं! एक मिनिट! येतोय!” सूर्य आला की सगळे पळत जागेवर, तोवर नटीचा मेकअप घामाने उतरलेला. सिल्व्हर पेपरचे रिफ्लेक्टर धरायला वाऱ्यात चार-चार माणसं लागतात, आणि त्या चकाकीने नटीच्या डोळ्यांतून पाणी. प्रेमाने डबडबलेले डोळे म्हणून समीक्षक लिहितात तेच ते.

भरती-ओहोटीचं तर नावच काढू नका. सकाळच्या शॉटला नटी उभी होती ती जागा दुपारी पाण्याखाली. वाळूवर पावलं उमटली की पुढच्या टेकला झाडूने पुसायची, नाहीतर गाण्यात ती पहिल्यांदा येते आणि तिची पावलं आधीच तिथे! खारी हवा लेन्सवर तासाभरात साय धरते. ती पुसायला शामॉय, म्हणजे मऊ कातडं, लागतं, साध्या फडक्याने पुसलीत तर वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो आणि मग पगार जातो. मॅगझिन काळ्या पिशवीत हात घालून बदलायची, बाहेर टळटळीत ऊन, पिशवीच्या आत घामाने फिल्म चिकटायची भीती. एक कण गेटमध्ये, म्हणजे लेन्समागे फिल्म जिथून सरकते त्या चौकटीत, गेला की निगेटिव्हवर आख्ख्या रिळभर ओरखडा. म्हणून प्रत्येक ओके टेकनंतर लेन्स काढून गेट तपासायचं. ‘गेट क्लीन’ हे दोन शब्द ऐकल्याशिवाय युनिटमधला कोणी श्वास सोडत नाही.

कौआईवर त्यांच्याकडे माणूसबळ आमच्यापेक्षा कैक पटींनी होतं, शिवाय अमेरिकी सैन्याचं साहाय्य. लढाईच्या तयारीच्या दृश्यांतल्या बोटी, विमानं खरी आहेत. पण ढग कोणाच्या हुकमात नसतो. वाळूही नसते.

लोकांचं म्हणाल तर लोकांनी डोक्यावर घेतला. लंडनच्या डॉमिनियन थिएटरात चार वर्षांहून जास्त चालला. त्याच्या गाण्यांची तबकडी ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत १९५९ चं आख्खं वर्ष पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे घरी बसून ऐकणाऱ्यांना पिवळ्या रंगाचा काही त्रास नव्हता.


गंजका_प्रोजेक्टर

बरं, मुद्दाम केलंय हे कबूल. पण अवनी, तुझ्या कॉपीची लांबी बघ. १७१ मिनिटं आहे की १५७?


अवनी_कर्वेनगर

डिस्कवर दोन्ही आहेत. आम्ही लांबवाली पाहिली.


गंजका_प्रोजेक्टर

वाटलंच. रोडशोचा मूळ सिनेमा लांब होता, नंतर कापला. कापलेला भाग पुढे एका जुन्या ७० मिलिमीटरच्या प्रिंटमधून परत जोडला, आणि ती प्रिंट उडालेली होती. गाणं नसताना मधेच रंग मळकट-तांबूस होतो तिथे कॅमेरामनला शिव्या देऊ नकोस, तो इस्टमनचा प्रसाद. पेपरसाठी रंगावर लिहिणार असशील तर १५७ वाली बघ, नाहीतर काच कुठली आणि उडालेली प्रिंट कुठली याची गल्लत होईल. काय फोकसवाले, म्हणजे मीही बरोबर होतो की नाही?


जुना_फोकसवाला

होतात. चौदा मिनिटांपुरते.